वर्गवार्तेतली मुलगी

वर्गवार्ता शुक्रवारी शाळा सुटल्यावर यायची. सहावीच्या वर्गशिक्षिका ती स्वतः टाइप करून पालकांच्या ग्रुपवर टाकत. गणितात या आठवड्यात काय झालं, विज्ञानात काय, भूगोलात कुठवर आलो, आणि शेवटी वर्गात घडलेल्या दोन-तीन गोष्टी. त्या गोष्टींत मुलांची नावं नसत. नावं घातली की पालक आपल्या मुलाचं नाव शोधतात आणि सापडलं नाही की सोमवारी वर्गाच्या दारात उभे राहतात, हा बाईंचा जुना अनुभव. म्हणून ‘एकीने विचारलं’, ‘एकाने करून दाखवलं’, एवढंच.

बहुतेक पालक खाली हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळे होत. वर्गवार्ता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस दुसऱ्या शहरात, एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, उपड्या घातलेल्या तेलाच्या डब्यावर बसलेला असे.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. नवराबायको वेगळे झाले तेव्हा मुलगी आईकडे राहणार हे कोर्टाच्या आधी घरातच ठरलं, आणि न भांडता ठरलं. अडकलेल्या लिफ्टमधला माणूस सकाळपर्यंत थांबत नाही. त्याच्या कामाला वेळकाळ नव्हता, हे त्यालाही मान्य होतं. पुढे कंपनीने त्याची बदली केली आणि मुलगी रविवारच्या फोनपुरती उरली. तिला तो ठकी म्हणायचा. फोन साधारण असा होई:

“काय चाललंय, ठकी?”

“काही नाही.”

“शाळेत काय शिकवलं?”

“नेहमीचंच.”

“जेवलीस?”

“हो. तुम्ही?”

“हो.”

मग थोडा वेळ दोन्हीकडून पंख्याचा आवाज.

वर्गवार्तेत मात्र एक मुलगी होती. मातीत अंधारात पडलेल्या बीला वर कुठे आणि खाली कुठे हे कसं कळतं, असं तिने विचारलं होतं. शून्याने भागायचं का नाही, हे पटल्याशिवाय पुढचं गणित घेणार नाही म्हणून ती अडून बसली होती. मैदानातल्या खांबाची सावली मोजायला तिने अख्खा वर्ग उन्हात उभा केला होता. बाई दर वेळी ‘एकीने’ असंच लिहीत, पण ही ‘एकी’ एकच आहे हे वाचणाऱ्याला कळत होतं. आणि ती कोण, याबद्दल त्याला शंका नव्हती. ठकी लहान असताना लिफ्टमध्ये त्याच्या कडेवर होती, तेव्हा तिने विचारलं होतं, “आपण वर गेलो की खालचं कुठे जातं?” तो प्रश्न त्याने पुढे कितीतरी जणांना सांगितला. असं विचारणारं पोर मोठं झाल्यावर बीबद्दल विचारणारच.

त्याच्याबरोबर काम करणाऱ्या वयस्कर मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादला दर शुक्रवारी वर्गवार्ता ऐकावी लागे.

“बाप चार आण्याचा आणि पोर रुपयाचं,” उस्ताद ब्रेकचे नट आवळता आवळता म्हणाला. “नक्की तुझीच ना?”

“आईवर गेलीये.”

“मग तू कशाला छाती फुगवतोस? पाना दे.”

रविवारी तो आडून आडून विषय काढी. “बीला कसं कळतं गं मग?”

“मुळं खाली जातात. गुरुत्वाकर्षण असतं.”

“चांगला होता हं प्रश्न. कोणाचा म्हणायचा?”

“होता कोणाचा तरी.”

मोठेपणा मिरवत नाही, असं त्याने मनात नोंदवलं. आपल्या घराण्यात नसलेला आणखी एक गुण.

एका शुक्रवारी बाईंनी लिहिलं, ‘नकाशे काढताना एका कागदावर नदी समुद्रात उगम पावली आणि थेट डोंगरावर चढली! सगळे खूप हसलो, नकाशा काढणारं मूलसुद्धा.’ मशीनरूममध्ये तो एकटाच मोठ्याने हसला. रविवारी फोन लागल्या लागल्या त्याने विचारलं, “कोण गं तो वीर, नदी डोंगरावर चढवणारा? त्याला आमच्याकडे पाठव. मोटर न लावता लिफ्ट चढवेल.”

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला. मग ठकी म्हणाली, “आई बोलावतेय,” आणि फोन बंद झाला.

त्यानंतर काही दिवसांनी तिच्या आईचाच फोन आला. ती हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची. बोलणंही तसंच, लेबल लावून समोर ठेवल्यासारखं.

“शुक्रवारी तिचा बाकावरचा तास आहे. माझी ड्यूटी बदलत नाहीये. माझा दादा बाहेरगावी गेलाय. तुला जमेल?”

बाकावरचा तास ही त्या बाईंची पद्धत. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला काही मुलांनी आपल्या घरचं एक मोठं माणूस आणायचं, त्याला शेजारी बाकावर बसवायचं आणि आठवड्यात शिकलेली एक गोष्ट शिकवायची. मोठ्या माणसाने शिकायचं, मध्ये मध्ये शहाणपण करायचं नाही. मुलांची पाळी आळीपाळीने येई.

“तिने सांगितलं मला बोलवायला?”

“कोणीतरी हवं म्हणाली. कोणी आलं नाही तर बाई स्वतः शेजारी बसतात. ते तिला नकोय.”

“येतो.”

“आणि हे बघ, तिला उशीर चालत नाही.”

“मला माहितीये.”

“तुला माहिती असतं तेव्हाही तू उशीर करतोस.”

त्याने रजा टाकली. बाजारातून एक चांगलं भिंग घेतलं, पितळी कड्याचं, लाकडी मुठीचं. बियांची मुळं बघायला. उस्तादने ते डोळ्याला लावून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “यातूनसुद्धा तुझ्यात काही दिसत नाही बुवा.”

शुक्रवारी तो वेळेच्या कितीतरी आधी शाळेच्या फाटकाशी होता. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. खिडक्यांच्या कठड्यावर अर्ध्या कापलेल्या बाटल्यांत कापसावर बिया ठेवलेल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि नाव. भिंतीवर नकाशे. दारातच बाई भेटल्या. बारीक अंगाच्या, हाताला खडू लागलेला.

“ठकीचा बाबा,” त्याने सांगितलं, मग तिचं शाळेतलं नाव घेतलं, आणि राहवलं नाही म्हणून पुढे म्हणाला, “प्रश्न विचारून भंडावून सोडत असेल तुम्हाला.”

बाईंनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. “बसा ना,” त्या म्हणाल्या. “तिसऱ्या रांगेत आहे ती.”

ठकी उंच झाली होती. फोनवर उंची कळत नाही. तिने बाकावरचं दप्तर उचलून खाली ठेवलं आणि सरकून जागा केली. बाक त्याच्या मापाचा नव्हता; गुडघे फळीला टेकत होते, एक पाय बाहेर काढून तिरकं बसावं लागलं. पुढच्या बाकावर एक आजोबा नातवाकडून कोन मोजायला शिकत होते आणि कोनमापक उलटा धरल्याबद्दल ओरडा खात होते.

“हे तुला आणलंय,” त्याने भिंग काढलं. “बीच्या मुळांसाठी.”

ठकीने ते हातात घेतलं, त्यातून बाकावरची एक रेघ बघितली. “छान आहे,” ती म्हणाली आणि भिंग बाजूला ठेवलं. मग तिने दप्तरातून नकाशा काढून उलगडला. “मी तुम्हाला उंचीचे रंग शिकवणार आहे. हिरवा म्हणजे सखल भाग. पिवळा त्याहून उंच. तपकिरी म्हणजे डोंगर. आता मी शिकवते, तुम्ही मध्ये बोलायचं नाही.”

“बरं.”

“पाणी तपकिरीकडून हिरव्याकडे जातं. कागदावर वर की खाली, ते बघायचं नाही. रंग बघायचा. आता ही नदी कुठून कुठे जाते?”

त्याने बोट फिरवलं. तिने मान हलवली आणि दुसरी नदी दाखवली. ती सावकाश शिकवत होती, एकेक वाक्य आधी मनात म्हणून बघितल्यासारखं. तो तिच्या बोटाकडे बघत होता. नखाच्या कडेला शाई लागली होती. हे असंच चालत राहावं असं त्याला वाटलं. पण गप्प बसणं त्याला कधी जमलं नव्हतं.

“आणि ते बीचं?” तो हळूच म्हणाला. “ते नाही शिकवणार? अंधारात वर-खाली कसं कळतं ते?”

“ते तिचं आहे.”

“कोणाचं?”

ठकीने हनुवटीने खिडकीकडे दाखवलं. तिथे दोन वेण्यांची एक बुटकी मुलगी आपल्या मावशीला बाटलीसमोर वाकवून काहीतरी भराभरा सांगत होती. मावशीला बोलायला फट मिळत नव्हती.

“शून्याचं? सावलीचं?”

“सगळं तिचंच. ती रोज विचारते. कधी कधी सुट्टीची घंटा झाली तरी विचारते.” ठकीने नकाशा सरळ केला. “तुम्हाला वाटलं मी?”

कितीतरी शुक्रवार त्याच्या डोळ्यांसमोरून गेले आणि प्रत्येकात दोन वेण्यांची मुलगी होती.

“म्हणून रविवारी विचारायचात?” ठकी म्हणाली. “मला कळायचंच नाही, तुम्हाला तिचं एवढं काय.”

“मला वाटलं, माझ्याशी बोलत नाहीस ते तू तिथे बोलतेस.”

“तिथेही नाही बोलत.”

“मग वर्गवार्तेत तू कधी आलीच नाहीस?”

“आले ना. एकदाच.” ती नकाशाकडे बघत होती. “नदी.”

समोरचे आजोबा कोन बरोबर आल्याबद्दल शाबासकी मागत होते. त्याला तेवढंच ऐकू येत होतं.

“समुद्र कागदाच्या वरच्या बाजूला होता,” ठकी म्हणाली, “आणि डोंगर खाली. मला वाटलं पाणी खाली येणार. म्हणून मी वरून खाली बाण काढला. चूकच होती. पण मी हसले नव्हते. ते बाईंनी उगीच लिहिलं.”

“मी हसलो होतो.”

“हो.”

“मला माहीत नव्हतं गं.”

“माहीत असतं तर नसता हसलात?”

त्याने विचार केला. “हसलो असतो,” तो म्हणाला. “पण तुला फोन करून नाही.”

ठकीच्या ओठाचा एक कोपरा हलला. “बाई तुमच्यापेक्षा जास्त हसल्या. त्यांना खोकला लागला.” मग तिने भिंग उचलून त्याच्यासमोर धरलं. “हे तिला देऊ? तिला उपयोग होईल.”

“तुला नको?”

“मला याचं काय करायचं ते माहीत नाही.”

“मग दे.”

ती उठून खिडकीशी गेली. दोन वेण्यांच्या मुलीने भिंग घेतलं आणि लगेच बाटलीला लावलं. कोणी दिलं, का दिलं, हे विचारायची तिला सवड नव्हती. ठकी परत येऊन बसली. “अजून एक नदी राहिलीये,” ती म्हणाली. “ही अवघड आहे.”

ही नदी त्याला खरोखर कळली नाही. दोन तपकिरी पट्ट्यांमधून जाताना रंग सारखेच दिसत होते. त्याने चुकीचं बोट ठेवलं, तिने ते उचलून नीट जागी ठेवलं, आणि बाकी काही म्हणाली नाही.

तास संपला. मोठी माणसं पाय मोकळे करत उठली. बाईंनी पाळी आलेल्या प्रत्येक मुलाला, पुढच्या वेळी कोणाला आणणार, असं विचारलं. ठकीची पाळी आली.

“आई,” ती म्हणाली.

तो दप्तर उचलायला खाली वाकला आणि गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ वाकलेलाच राहिला.

दोघं फाटकाशी आले. रस्त्यापलीकडे शेजारणीची स्कूटर उभी होती. ती ठकीला घरी सोडणार होती. ठकीने दप्तर त्याच्या हातातून घेतलं.

“बाबा, रविवारी फोन नका करू.”

“बरं.”

“गुरुवारी करा. बाईंची वर्गवार्ता यायच्या आधी.”

गुरुवारी संध्याकाळी मशीनरूमचं दार ओढून घेऊन तो डब्यावर बसला. खालून उस्ताद हाका मारत होता. त्याने फोन लावला. विचारायला हातात काहीच नव्हतं. “बोल,” एवढंच म्हणाला.

पलीकडे नळ चालू होता, मग बंद झाला. कोणीतरी खुर्ची ओढली.

“आज दशांशाचा भागाकार झाला,” ठकी म्हणाली. “मला नीट कळलेला नाही.”

“सांग.”

“नीट नाही सांगता येणार.”

“येईल तसं सांग.”

ती सांगू लागली. पहिलंच वाक्य अडलं. तिने ते सोडून दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. उस्तादने खालून आणखी एकदा हाक मारली. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि ऐकत राहिला.