ओटीतल्या साडीची लेस

आमच्याकडे साखरपुड्यात ओटी भरून झाली की मुलीने आत जायचं, सासरची साडी नेसायची आणि पुन्हा पाटावर येऊन बसायचं. बाहेरची मंडळी तोवर चहा घेतात. तेवढा वेळ साडी नेसायला पुरतो, उसवायला पुरत नाही. हे मला कुणी सांगायला नको. अकरा वर्षं झाली, शिवथरातल्या अर्ध्याअधिक बायकांचे ब्लाउज मी, अनुपमाच, शिवते.

पण माझी नणंद स्नेहल आत आली, तिने ओटीतली साडी पलंगावर उलगडली आणि मटकन खाली बसली. अंजिरी रंगाची देखणी साडी, आणि काठभर चार बोटं रुंद सोनेरी लेस. लेसला टिकल्या, टिकल्यांखाली गोंडे, आणि दर गोंड्यात एक घुंगरू! सोबतच्या ब्लाउजच्या बाह्यांनाही तीच लेस.

"वहिनी, मी चालले की बैलगाडी आली वाटेल," ती म्हणाली आणि फिसकन हसली.

मी आधी धावत जाऊन दार लोटलं. स्नेहल महाडच्या शाळेत शिकवते, वर्गात भारी कडक, पण एकदा हसू फुटलं की तिचं तिलाच आवरत नाही. शाळेच्या मुलाखतीत साहेबांच्या खुर्चीचा आवाज झाला, तर ही दहा मिनिटं हसत होती.

"पाटावर बसताना छुमछुम झालं की मी हसणार. सासूबाईंना वाटणार, त्यांच्या साडीला हसले. वहिनी, मला विनीतशीच लग्न करायचंय गं!" आता तिचे डोळे भरले होते आणि खांदे हसण्याने हलत होते.

तिची होणारी सासू, विनीतची आई, म्हणजे पोलादपूरच्या सोनाबाई. ओटी भरतानाही दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट, कोपर म्हणून बाहेर नाही. ताठ बाई, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. ताठ माणसं मला अजिबात सोसत नाहीत. मी ब्लेड उचललं.

"काढून टाकू. बघू काय करतात ते!"

पाच मिनिटं घाम गाळला तेव्हा जेमतेम वीतभर सुटली. माझ्या सासऱ्यांची बहीण, प्रयागबाई आत्या, ट्रंकेवर बसून पान चघळत बघत होत्या.

"अनुपमा, तांदळाची गोण कधी फोडली हायस का?"

"आत्या, ही वेळ आहे का?"

"आगो, गोणीचाच टाका हाय ह्यो, साखळीचा. भलत्या टोकानं वडलीस तर जल्मात सुटायची नाय."

त्या उठल्या, काठाचं दुसरं टोक शोधलं, दोरा नखाने उचलला आणि ओढला. सर्रर्र! पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लेस सुटत गेली आणि घुंगरांचा ढीग फरशीवर कोसळला. शिवणकाम करणारी मी, आणि मला हे सुचू नये! पण राग यायला सवडच मिळाली नाही, कारण आम्ही तिघी पोट धरून हसत होतो.

"आत कोन नाचतंय गो?" आत्यांचे यजमान कुशाबा बाहेरून ओरडले.

"देवाची घंटा पडली!" मी ओरडले.

बाह्यांचीही लेस दोन झटक्यांत निघाली. टाक्यांची भोकं मी नखाने घासून मिटवली आणि स्नेहलला साडी नेसवली. आत्यांनी सगळी लेस हारासारखी गळ्यात घातली आणि खरंच नाचायला लागल्या. तेवढ्यात दार ढकलून सोनाबाई आत आल्या.

आत्या एका पायावर थांबल्या. फक्त घुंगरं थांबली नाहीत.

"दोराच कच्चा होता हो, आपोआपच..." मी सुरू केलं.

"नाही," स्नेहल मध्येच म्हणाली. "मीच काढायला सांगितली. मला घुंगरांचं हसू येत होतं. मी तुम्हाला हसले असं वाटायला नको होतं."

सोनाबाईंनी जवळ येऊन स्नेहलच्या निऱ्यांवरून हात फिरवला, खालच्या काठापर्यंत. लेसेखाली झाकलेला मोरपंखी काठ आम्हीही तेव्हाच नीट पाहिला.

"ह्यो काठ बघूनच म्या घेतली व्हती," त्या हळूच म्हणाल्या. "थोरली सून लेस लावून घेऊन आली. म्हनली, शिकलेल्या पोरींना आसंच आवडतं. मला काय कळतंय, म्हनून गप ऱ्हायले."

मग त्या दाराकडे वळल्या. आता बाहेर जाऊन सगळ्यांना सांगणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. कडी लागल्याचा आवाज आला. आतून.

डोळे उघडले तर सोनाबाईंनी खांद्यावरचा पदर बाजूला केला होता. दोन्ही बाह्यांना तीच सोनेरी लेस, तेच गोंडे, आणि दंडावर लाल ओरखडे.

"सकाळधरनं हात धड हालवला नाय म्या," हात पुढे करत त्या म्हणाल्या. छुम्म! स्नेहल फिसकन हसली, आणि सोनाबाईही. "दोरा वड गो बिगीबिगी. च्या संपत आलाय."