दोन वाट्या सूप

एकदा खोटं बोलायला सुरुवात केली की कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवावं लागतं, आणि मी पडले विसरभोळी. तरी बोलले. एकतीस वर्षं पाण्याकाठच्या त्या हॉटेलात लोकांना मासे खाऊ घालणाऱ्या आमच्या ह्यांना आता मीठ आणि साखर यातला फरक कळत नाही, हे काय दवंडी पिटून सांगायचं? घशाला रेडिएशन दिलं, घसा वाचला, चव गेली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. वर्ष झालं. कसली येते.

ही गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती. आणि हॉटेलच्या मालकाला हे परत कामावर हवे होते. रोज नाही, आठवड्यातून दोन दिवस, चव बघायला आणि नव्या लोकांना शिकवायला. लांब्याचा तसा फोन आला. "रविवारी दुपारी दोघं जेवायला या. निवांत बसा, मग बोलू." लांब्या ह्यांच्या हाताखाली तयार झाला, आता तिथला मुख्य आचारी आहे. चाळिशी ओलांडली तरी सगळ्यांना लांब्याच.

शनिवारी ह्यांनी कपाटातला पांढरा कोट काढून स्वतः इस्त्री करून ठेवला. वर्षभर हा माणूस खिडकीत बसून होता, सकाळी दाढी करा म्हणून मागे लागावं लागायचं. आता मला शिकवत होते, "तू आधी चाख आणि टेबलाखालून पायानं सांग. एकदा मारलास तर मीठ कमी, दोनदा तर बरोबर, तीनदा तर जास्त. बाकी मी रंगावरून निभावून नेईन."

"लग्नाआधी कधी हिंमत झाली नाही, आता म्हातारपणी पाय मारायला सांगताय," मी म्हटलं. हसले. किती दिवसांनी हसले.

खिडकीजवळचं टेबल मिळालं. खाली पाणी, बांधलेल्या होड्या एकमेकींना घासत होत्या. शेजारच्या टेबलावर एक आख्खं कुटुंब एकाच मोठ्या माशाभोवती तासभर गप्पा मारत बसलेलं, आजोबांच्या खांद्यावर बाळ झोपलेलं. घाई कुणालाच नव्हती. हे सगळीकडे बघत म्हणाले, "एकतीस वर्षं मी भिंतीपलीकडे घाम गाळला. ही बाजू इतकी छान आहे हे कुणी बोललंच नाही."

लांब्यानं स्वतः सूप आणलं, दोन वाट्या. आणि तिथेच हात बांधून उभा राहिला. मी चाखलं. काय सांगू, मासा आणि मीठ यांचं असं जमलेलं, की मलाच डोळे मिटावेसे वाटले. मी दोनदा पाय मारला.

ह्यांनी चमचाभर घेतलं, मान तिरकी केली, पूर्वी करायचे तशीच. "मीठ नेमकं. कणभर इकडे नाही की तिकडे नाही."

लांब्या हसत आला होता, शिव्या खायची तयारी ठेवून. ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन महिन्यांपूर्वी हा घरी मासे घेऊन आला होता. ह्यांना चव विचारेल या भीतीनं मी दारातच सांगितलं होतं, "डॉक्टरांनी त्यांचं मीठ पार बंद केलंय." तेवढं त्यानं लक्षात ठेवलं होतं. ह्यांची वाटी त्यानं वेगळी, अळणी केली होती.

"तुमच्याकडूनच शिकलो, काका," लांब्या म्हणाला आणि आत गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी ह्यांच्या वाटीतलं चमचाभर घेऊन बघितलं. नुसतं गरम पाणी.

मग तळलेला मासा आला, गोड आलं, सगळं दुसऱ्याच माणसानं आणलं. हे प्रत्येक वेळी आतल्या दाराकडे बघायचे. शेजारचं कुटुंब गेलं. टेबलं पुसून झाली.

"गर्दीत विसरला असेल," हे उठत म्हणाले. "मीच आत जाऊन विचारतो, सोमवारी किती वाजता येऊ."

मी त्यांची बाही धरली. "नका जाऊ. तुमच्या वाटीत मीठच नव्हतं. माझ्या मूर्खपणामुळे." आणि सगळं सांगितलं. रडू आलं, तरी सांगितलं.

ते परत खाली बसले. मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"तुझ्या वाटीतलं कसं होतं?"

"फार सुंदर होतं. तुम्ही करायचात त्याहून कांकणभर सरसच."

त्यांनी मान हलवली. "मग ते त्याला कुणी सांगितलंच नाही. बिचारा विचारायला उभा होता. जा, सांगून ये. मी बसतो इथे."