कमी व्होल्टेज पाहिजे

ओट्यावर सहा वस्तू होत्या: ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर एक, ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारं मीटर एक, व्होल्टमीटर एक, लांब वायरचा बोर्ड एक, वही एक, पेन एक. माणसं तेवीस होती. निकितानं वहीत वस्तूच तेवढ्या लिहिल्या. माणसांसाठी तक्त्यात रकाना नव्हता.

भूल देण्याच्या तंत्राची पदवी घेऊन ती दीड वर्षापासून नागपूरच्या एका इस्पितळात काम करत होती. पुढच्या महिन्यात तिथली तुकडी आफ्रिकेतल्या मलावीला जाऊन अडतीस मुलांच्या दुभंगलेल्या ओठांवर मोफत शस्त्रक्रिया करणार होती. विमानात ऑक्सिजनची सिलिंडरं चढवू देत नाहीत, म्हणून हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणारं हे मशीन न्यायचं होतं. पण मशीन विजेवर चालतं, आणि तिथल्या नर्सनं आठवडाभर मोजून कळवलं होतं की दुपारी त्यांच्याकडे एकशे सत्तर व्होल्टच येतात. निकितानं सामानाच्या यादीत स्टॅबिलायझर लिहिला. वजन नऊ किलो. तुकडीच्या भूलतज्ज्ञ डॉक्टर उज्ज्वला यांनी तो खोडला.

"कंपनी म्हणते, चालतं. तू म्हणतेस, नाही चालणार. आकडा आहे तुझ्याकडे?" त्या हसून म्हणाल्या होत्या. "ऑक्सिजन पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली गेलेला दाखव, मी बॅगेतले माझे बूट काढून तुझा स्टॅबिलायझर घेते. शुक्रवारी दोन वाजता यादी बंद."

इस्पितळातली वीज काही केल्या खाली येईना. व्होल्टेज हवं तसं उतरवणारं उपकरण एका कॉलेजात होतं, पण त्याच्या अर्जावर तीन सह्या लागत होत्या आणि तिसरी सही रजेवर होती. तेव्हा निकिताला आठवलं की एकशे सत्तर व्होल्टवर तर आपण लहानाच्या मोठ्या झालो. फुलसावंगीजवळच्या तिच्या तांड्यात दिवसाची शेतीची थ्री-फेज वीज आली की हरभऱ्या-गव्हाच्या मोटरी एकदम सुरू होतात, आणि त्याच डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, घरांत मिक्सर रडायला लागतो. ती मशीन घेऊन गुरुवारीच घरी आली.

आज शुक्रवार. साडेदहाला तिनं मशीन सुरू केलं, वीस मिनिटं थांबली, आणि आकडे पाहून परत पाहिले. व्होल्टेज दोनशे एकतीस. ऑक्सिजन चौऱ्याण्णव टक्के.

"बेस झालं का व?" तिचे वडील बाबूसिंग यांनी विचारलं.

"बापू, आज लाइट इतकी चांगली कशी?"

बाबूसिंग मिशीत हसले. बाकीचे बावीस जणही हसले. निकितानं पुन्हा वीस मिनिटं मोजली. पुन्हा दोनशे एकतीस. मग पुन्हा. बारा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर उज्ज्वलांचा फोन आला.

"काय म्हणतो तुमचा तांडा?"

"चौऱ्याण्णव, मॅडम. पण—"

"वा! म्हणजे स्टॅबिलायझर रद्द, माझे बूट वाचले."

"दोनपर्यंत थांबा ना, मॅडम."

फोन ठेवला तेव्हा तिच्या लक्षात आलं की शेताकडून काहीच आवाज येत नाहीये. थ्री-फेज तर साडेआठलाच आली होती.

"मोटरी काहून बंद आहेत?"

आता तांड्याचे नायक लखीराम खाटेवरून उठले. सकाळपासून ते याच प्रश्नाची वाट पाहत होते. "म्याच सांगतलं सगळ्यायले. पोट्टीचं मशीन इमानानं परदेशात जाऊन राह्यलं, त्याले साजरी लाइट भेटली पाह्यजे. एकानं मोटर लावली नाई. बादल तं ओलित सोडून आला."

"काका, मले साजरी लाइट नको होती!"

"मंग?"

"मले खराब लाइट पाह्यजे."

तिची आई, जमनी, म्हणाली, "घ्या! एवढी शिकवली, अन् खराब लाइट मागाले नागपूरहून घरी आली."

निकितानं समजावलं: तिथलं लेकरू भूल दिलेलं असेल, त्याला स्वतःचा श्वास धड घेता येणार नाही, आणि नेमकी तेव्हाच लाइट पडली तर मशीन किती ऑक्सिजन देईल ते आधीच कळायला हवं. लखीरामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे आपल्यासारखीच लाइट आहे बिचाऱ्यायची," ते म्हणाले. "मंग आधी सांगाचं ना व! खराब लाइट कायले मागा लागते? ते तं आमच्या हातचं काम आहे."

त्यांनी फोन काढला. ज्यांच्या स्टार्टरला सिम होतं त्यांनी ओट्यावरूनच मोटरीला फोन लावला. बाकीचे गाड्यांवर बसून शेताकडे पळाले. दोनशे चौदा. एकशे अठ्ठ्याण्णव. गिरणीवाल्या रामधननं पिठाची गिरणी सुरू केली आणि आकडा एकशे ब्याऐंशीवर आला. मशीनचा आवाज जड झाला. बाबूसिंग काळजीनं त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले.

"एकशे एकसष्ट!" लखीराम ओरडले. "अजून पाडू का?"

"नाही काका, जास्त झालं. एकशे सत्तरच पाह्यजे. नाहीतर मॅडम म्हणतील, मुद्दाम पाडली."

"पाह्य बाबूसिंग, जिनगानी गेली आपली लाइट पाडता पाडता," लखीराम म्हणाले. "आता पोट्टी मोजून मागते." आणि फोनवर: "बादल, तुही बंद कर. हो, पुन्हा बंद. कायले म्हंजे? शास्त्र चालू आहे."

एकशे अडुसष्ट. जमनी उठली, आत गेली आणि फ्रिज बंद करून आली. एकशे सत्तर.

एक वाजून एकतीस मिनिटांनी निकितानं घड्याळ लावलं. ऑक्सिजनचं मीटर कोणाला दिसत नव्हतं, त्यामुळे वीस मिनिटं सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. मग तिनं वहीत एक ओळ लिहिली, त्या ओळीचा फोटो काढला आणि डॉक्टर उज्ज्वलांना पाठवला.

वेळ १:५१. व्होल्टेज १७०. प्रवाह मिनिटाला ५ लिटर. ऑक्सिजन ७९ टक्के.