शेंगांच्या घरातलं पित्त

"आमसूल लाव की अजून! मानंला बी चोळ!" बाबासो ओरडत होते. सहा वर्षांच्या आदितीच्या पाठीवर, दंडांवर लालभडक गांधी उठल्या होत्या आणि ती दोन्ही हातांनी अंग ओरबाडत होती. ओठ सुजायला लागले तशी सीताबाईंनी आमसुलाची वाटी खाली ठेवली, लेकीला उचललं आणि रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. बाबासो मागून पळत आले.

इंजेक्शननं गांधी बसल्या. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"शेंगदाण्याचा लाडू. मीच दिल्ता. पण घरचा माल हाय डॉक्टर, एक दाणा खवट न्हाय."

बाबासो म्हणजे लक्ष्मीपुरीच्या पेठेत शेंगांचा व्यापार करणारा माणूस. लेकीच्या आधी मालाची बाजू घेतली.

"माल चांगलाच असेल. हिला शेंगदाणा चालत नाही. आधी कधी असं झालं नव्हतं?"

"खाल्लाच न्हवता तिनं," सीताबाई म्हणाल्या. "मी दिलाच न्हाय. मला बी असंच उठतंय."

दवाखान्याच्या पायरीवर बाबासो थांबले. "मला सांगाय काय झालतं?"

"सांगिटलं की. लगीन झाल्यावर पयल्याच म्हैन्यात. तुम्ही म्हणलासा, शेंगावाल्याच्या बायकूलाच शेंगा बाधत्यात म्हणून पेठंत कळलं, तर गिऱ्हाईक दारात उभं ऱ्हाईल का? गप बस."

"चेष्टंत म्हणलो असंन."

"आत्याबाईंनी खरं धरलं. मी बी."

सासू जाऊन वर्षं झाली, तरी घरातल्या प्रत्येक भाजीत कूट पडत होतं. सीताबाई स्वतःची आणि लेकीची भाजी लहान पातेल्यात निराळी करायच्या आणि आत बसून जेवायच्या. आल्या-गेल्यासमोर बाबासो म्हणायचे, "आमच्या राणीसायबांचा मुदपाकखाना येगळा हाय, पावणं!" पावणे हसायचे. बाबासोंना वाटायचं, बायकोला मिजास आहे.

त्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, ते ताट घेऊन स्वयंपाकघरात आले आणि खाली बसले. "तुझ्यातलं वाढ."

"दोघींपुरतंच हाय," त्या म्हणाल्या. तरी पळीभर वाढलं.

वांगं अळणी नव्हतं, वाईटही नव्हतं. तसं सांगावं म्हणून बाबासोंनी मान वर केली. सीताबाई सवयीनं दाराकडे पाठ करून जेवत होत्या. शेजारी आदिती, तिचीही पाठच.