पाना है, सरजी

मित्रांनो, मी एक जुना पाना आहे. नट आवळायचा पाना हो, झाडाचं पान नव्हे! मला दोन तोंडं आहेत, एक इकडे नि एक तिकडे, तरी आजवर मी कुणाची चुगली केलेली नाही. आज मात्र मनसोक्त बोलणार आहे, कारण गोष्ट माझ्या भानूची आहे.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. आधी लालभडक भट्टी, मग घणाचे घाव, मग तेलात डुबकी. चर्र! तिथून बोटीनं आणि रेल्वेनं, एका छोट्या विमानाच्या पेटीत बसून मी इंदूरला आलो. मध्य प्रदेश तेव्हा नवानवा होता आणि विमानतळावरचा आमचा हँगरही. हँगर म्हणजे विमानांचा गोठाच म्हणा ना! पत्र्याचं छप्पर, पेट्रोलचा वास आणि भिंतीवर एक भलामोठा लाकडी बोर्ड. त्या बोर्डावर प्रत्येक हत्याराची सावली काळ्या रंगात रंगवलेली. ज्याची सावली, त्यानंच तिथं टांगून राहायचं. कुणी गायब झालं की रिकामी सावली लांबूनही डोळ्यांत भरायची.

विमानाची दुरुस्ती शिकायला येणाऱ्या मुलांना शंकरराव शिकवत. रोज संध्याकाळी ते आम्हा हत्यारांची हजेरी घेत, अगदी शाळेसारखी. ते हाक मारत, “पाना?” आणि बोर्डाजवळचा शिकाऊ माझ्याकडे बघून म्हणे, “है, सरजी.” यावर शंकररावांचा एक ठरलेला विनोद होता. ते म्हणत, मराठीत पाना म्हणजे हा, हिंदीत पाना म्हणजे मिळवणं, आणि दोन्ही भाषांत तो हरवायचा नाही. मुलं रोज हसत. मीसुद्धा!

मग एके दिवशी भानुमती आली. दोन वेण्या, निळा एप्रन, आणि साऱ्या शिकाऊंत एकटीच मुलगी. तिचे आजोबा होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते. खोगिराचा पट्टा स्वतःच्या हातानं ओढून बघितल्याशिवाय ते घोड्यावर बसत नसत म्हणे. वडील दौलतराव परदेशीपुऱ्यातल्या मिलमध्ये क्लार्क. हे सगळं मला कसं ठाऊक? रोज रॉकेलनं पुसताना ती माझ्याशी बोलायची! दौलतरावांनी तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर शंकररावांनी तिला पक्कं ठेवून घेतलं तर ठीक, नाही तर हँगर बंद आणि उज्जैनचं स्थळ पक्कं.

मालोजी नावाचा एक शिकाऊ तिला फार चिडवायचा. “भानुजी, हे भजे तळायचं काम नाही, हां. हात काळे झाले तर उज्जैनवाले काय बोलतील?”

“हात साबणानं साफ होतात, मालोजी. तुमच्या जिभेचं काय करू?” भानू म्हणाली, आणि सगळा हँगर खदखदला. त्या दिवसापासून दोघांची दोस्ती झाली. डब्यातली शेवसुद्धा वाटून खाऊ लागले.

आता ऐका, त्या वादळाची गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती. भानू विमानाच्या शेपटीत हात घालून सुकाणूच्या तारेजवळचा नट माझ्याकडून आवळून घेत होती. काम झालं, तेवढ्यात बाहेर आंधी उठली. मैदानावरचं दुसरं विमान हलायला लागलं आणि सगळ्यांना दोर धरायला हाका आल्या. भानूनं मला तिथंच आत ठेवलं, फक्त एक मिनिट म्हणून, आणि ती धावली. मालोजीनं भलेपणानं शेपटीचं झाकण लावून टाकलं. आत डोकावायचं मात्र राहिलं!

हजेरीच्या वेळी भानू बाहेर दोर बांधत होती. धूळ डोळ्यांत गेल्यानं शंकरराव रुमालानं डोळे पुसत पाठमोरेच उभे होते. “पाना?” त्यांनी विचारलं. मालोजीला वाटलं, असेल भानूच्या एप्रनच्या खिशात. कॉलेजात दोस्ताची हजेरी लावतात ना, तशी त्यानं माझी लावली. “है, सरजी.”

आणि मी? मी अंधारात पडलेलो. दोन तोंडं असून एक शब्द फुटेना.

सकाळी भानू आली तेव्हा त्याच विमानाचं इंजिन सुरू झालं होतं. वैमानिक उदयसिंह एका नव्या विद्यार्थ्याला घेऊन आत बसले होते. सवयीनं तिची नजर बोर्डावर गेली. माझी सावली रिकामी! कालचं ते एक मिनिट तिला आठवलं. मालोजी धावत आला आणि कानात म्हणाला, “दुसरा पाना टांग ना, भानुजी. खिशात राहिला म्हण. नाही तर तुझं नाव जाईल, आणि मग उज्जैन.”

इकडे मी थरथरत होतो. इंजिनाच्या प्रत्येक हादऱ्याबरोबर, सुकाणूची तार ज्या चाकावरून फिरते त्या चाकाकडे सरकत होतो. अजून थोडं, की मी तार नि चाक यांच्यामध्ये अडकणार होतो. मग वर आभाळात सुकाणू वळलंच नसतं!

भानू सुटली ती थेट विमानासमोर, फिरत्या पंख्यापासून अंतर राखून उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले. उदयसिंहांनी इंजिन बंद केलं. शंकरराव धावत आले.

“सरजी, पाना नहीं है,” भानू म्हणाली. “शेपटीत आहे. माझ्याकडून राहिला.”

झाकण उघडलं. तिचा ओळखीचा हात आत आला आणि मला उजेड दिसला! उदयसिंहांनी मी पडलो होतो ती जागा वाकून पाहिली आणि ते गटागटा पाणी प्यायले. मालोजीनं मान खाली घालून आपल्या खोट्या ‘है’ची गोष्ट सांगून टाकली. भानूनं मला बोर्डावर टांगलं, एप्रन काढला, त्याची नीट घडी केली आणि बाकावर ठेवली.

“एप्रन का काढलास?” शंकररावांनी विचारलं.

“मला काढणार ना, सरजी?”

“काढलं असतं. इथं दुसरा पाना टांगलेला दिसला असता तर.” त्यांनी एप्रन उचलून तिच्या हातात दिला. “घाल तो. आजपासून हजेरी तू घ्यायची. आणि मालोजी, ‘है’ म्हणायच्या आधी पान्याला हात लावायचा.”

दिवाळीच्या फराळाला शंकरराव स्वतः परदेशीपुऱ्यात भानूच्या घरी गेले. चिवडा खाता खाता दौलतरावांना म्हणाले, मुलगी राहू द्या, माझ्या विमानांना लागते. उज्जैनचं स्थळ तिथंच मिटलं!

पुढं भानू दिल्लीला जाऊन परीक्षा पास झाली. आता विमान उडायला तयार आहे की नाही, हे तीच ठरवते. मालोजी तिच्याच हाताखाली आहे आणि अजून चिडवतो. माझी तोंडं मात्र झिजून रुंद झाली. मी नटावरून घसरतो. नव्या विमानांना नवी हत्यारं आली. कधी कधी त्यांचा खणखणाट ऐकून हात शिवशिवतात, म्हणजे हात असते तर शिवशिवले असते! पण भानूनं मला भंगारात टाकलं नाही. माझ्या सावलीवर दर दिवाळीला ती स्वतः रंग देते, आणि हजेरी अजून माझ्यापासूनच सुरू होते.

मित्रांनो, तुमची कात्री असो, कंपास असो की सायकलचा पंप, काम झालं की त्याला त्याच्या जागी पोहोचवा. आणि ‘आहे’ म्हणण्याआधी एकदा हात लावून बघा. आम्हाला हाक मारता येत नाही हो.

कालच एक नवी मुलगी शिकायला आलीय. संध्याकाळी भानूनं हाक दिली, “पाना?” मुलीनं हात उंच केला, गार बोटांनी मला चाचपलं, आणि मगच म्हणाली, “है, ताईजी.”

आणि मी खरंच होतो.