सही व्हायची आहे

“सही व्हायची आहे गं. सोमवारी ये.”

चौथ्यांदा हे वाक्य बोलताना नांग पेर्पेच्या तोंडाला कडू चव आली. नर्सिंग कॉलेजच्या गुणपत्रकांवर सही करायची ती तिनंच. एकतीस वर्षं ती तिथली रजिस्ट्रार होती. सहीही तिची, लोखंडी शिक्काही तिच्याच टेबलावर. गावातली लहानथोर सगळी तिला थोरल्या बहिणीसारखं नांग म्हणत आणि तिच्या शब्दावर विश्वास ठेवत.

खिडकीपलीकडे उभी असलेली जेरलिन जागची हलली नाही. “नांग, परवाना परीक्षेच्या अर्जाची मुदत उद्या संपते. सोमवारी येऊन मी काय करू?”

“मी काय सांगणार?”

जेरलिननं पिशवीतून इबोसची जुडी काढली, माडाच्या पानात वळलेल्या चिकट भाताची. तिची आई बाजारात तेच विकायची. “नांग, हे तुम्हाला. आई म्हणाली, सही करणाऱ्या बाई आजारी असतील, त्यांनाही द्यायला सांग. अंगात ताकद येईल.”

टोमणा नव्हता तो. सही पेर्पेच करते, हे तिला ठाऊकच नव्हतं. पोरीनं अगदी सरळ मनानं सांगितलं, आणि पेर्पेला तोंड लपवावंसं वाटलं.

“बाकावर बस जरा,” ती म्हणाली.

जेरलिन चारही वर्षं पास झाली होती. पण शेवटच्या महिन्यात डीनबाई आपली एक वेगळी चाचणी घेत. त्यात जे कच्चे निघत, त्यांची गुणपत्रकं दर परीक्षेची मुदत टळेपर्यंत अडकवायची, असा तोंडी हुकूम होता. यंदा अशी अकरा नावं होती. सरकारच्या आयोगाचा नियम होता की परीक्षेला बसलेल्यांपैकी पास होणाऱ्यांचं प्रमाण देशाच्या सरासरीखाली गेलं आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं, तर कॉलेज बंद. जो बसलाच नाही, तो नापास कसा होणार? फाटकावरच्या फ्लेक्सवर हसरे चेहरे होते आणि वर लिहिलं होतं, शंभर टक्के निकाल.

दोन वर्षांपूर्वी आयोगाची माणसं तपासणीला आली होती. त्यांनी सरावाच्या खोलीतल्या खाटा मोजल्या, प्लॅस्टिकचे पुतळे मोजले, जिन्याची रुंदी टेपनं मापली. दुपारी भाजलेलं डुक्कर खाल्लं. कितीजण बसलेच नाहीत, हे एकानंही विचारलं नाही. पेर्पे बाजूलाच उभी होती, पंखा नीट चालतोय ना ते बघत. तीही बोलली नाही.

एक्क्याऐंशी साली ती स्वतः बोटीनं मनिलाला गेली होती, याच परीक्षेला. डेकवर डुकरं, कोंबड्या आणि तांदळाची पोती, त्यातच तिनं मैत्रिणीबरोबर हाडांची नावं घोकली. निकाल वर्तमानपत्रात आला. वडिलांनी यादी तीनदा वाचली आणि पेपर नीट घडी करून ठेवला. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. मग ती या ऑफिसात टंकलेखनाला बसली. पण त्यासाठी तिनं कुणाला कधी बोल लावला नाही. ती बसली होती, तिला आलं नव्हतं. ते नापास होणं तिचं स्वतःचं होतं. या पोरीला तेवढंही मिळणार नव्हतं.

ती उठली आणि कपाटातून आयोगाच्या परिपत्रकांची फाईल काढली. तिला हवा तो कागद कुठे आहे, ते तिला ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वीचा. ‘पदवी पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याची कागदपत्रं संस्थेनं कोणत्याही कारणानं अडवू नयेत.’ खाली पोचीचा शिक्का आणि शेजारी तिचीच सही. नियम होता. तिनंच तो घेतला आणि तिनंच गाडून टाकला होता. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती आधी स्वतःवरच.

वरच्या मजल्यावर डीनबाई, डॉक्टर ल्युसिला गेप्ते, कागद वाचून म्हणाल्या, “नांग, कागदावर सगळंच असतं. आयोग कागद पाठवतो आणि आकडे मागतो. मी आकडे देते.”

“पोरगी चार वर्षं शिकलीय.”

“आणि नापास होणार आहे. तिच्यासारख्या अकरा जणी झाल्या की कॉलेजला टाळं. मग चारशे मुलं कुठे जातील? तुम्ही कुठे जाल, या वयात?”

“चौऱ्याण्णव सालच्या नोव्हेंबरात,” पेर्पे हळूच म्हणाली, “तुझं गुणपत्रक मीच टाईप केलं होतं, ल्युसिंग. परवाना परीक्षेत तू नापास झालीस. जूनमध्ये पुन्हा बसलीस. तेव्हा कुणी तुझी चाचणी घेतली होती?”

तीस वर्षांत ल्युसिंग या घरच्या नावानं त्यांना ऑफिसात कुणी हाक मारली नव्हती. डीनबाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“तेव्हा दिवस वेगळे होते.”

“दिवस तेच होते. तुला बसू देणारी माणसं वेगळी होती.”

“तुम्ही सही केलीत तर सोमवारी यायची गरज नाही.”

“बरं झालं,” पेर्पे म्हणाली. “सोमवारी ये म्हणून सांगायचा मलाही कंटाळा आलाय.”

खाली येऊन तिनं जेरलिनच्या गुणपत्रकावर सही केली आणि शिक्क्याचा दांडा दोन्ही हातांनी दाबला. कागदावर गोल ठसा उमटला. बाकीच्या दहा जणींना फोन लावला. एकीचा लागेना, तेव्हा तिच्या शेजारच्या दुकानदाराला निरोप ठेवला.

जेरलिननं कागद छातीशी धरला. “नांग, मी पास होईन ना?”

“ते मला काय माहीत? हाडांची नावं पाठ कर. नापास झालीस तर तुझी तू होशील. पळ, शहराची शेवटची जीप साडेतीनला आहे.”

पोरगी पळाली. पेर्पेनं एक इबोस सोलला, दोन घासांत संपवला आणि हात पुसले. मग खालचं कपाट उघडलं. गेल्या तीन वर्षांची अडवलेली गुणपत्रकं तिथे होती, सव्वीस. प्रत्येक नाव तिला आठवत होतं. एक मॉलमध्ये साबण विकत होती, दोघी कुवेतमध्ये लोकांची पोरं सांभाळत होत्या. बाकीच्यांची चौकशी करायची तिची हिंमत झाली नव्हती.

दारात डीनबाई येऊन उभ्या राहिल्या. “नांग, पुरे आता.”

पेर्पेनं मान वर केली नाही. पहिला कागद समोर ओढला, सही केली आणि दांडा दाबला. खांदा दुखत होता. तिनं दुसरा कागद ओढला.