पाठकोऱ्या कागदांवरची नावे

मित्रांनो, मी सदाशिव पेठेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानातला जुना स्कॅनर आहे. आधी जन्म, मग पराक्रम अशी सांगायची रीत असते. पण माझ्या ज्या कामाचे सर्वांत जास्त कौतुक झाले, त्याचीच मला लाज वाटते. म्हणून तेच आधी सांगून टाकतो.

दोन हजार तीन साल होते. घरोघरी कॉम्प्युटर आले होते आणि जो तो जुने कागद सीडीवर चढवत होता. कोथरूडचा आनंद, आयटी कंपनीत नोकरीला, एक जाडजूड फाइल घेऊन आला. ती त्याच्या कौशल्याआत्याची होती. एकाहत्तरच्या युद्धात ती परिचारिका म्हणून पूर्व सीमेवरच्या निर्वासितांच्या छावणीत राबली होती. आता आनंद आत्याला घेऊन वाघोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये जाणार होता आणि तिथे जुन्या कागदांना जागा नव्हती.

कागदांवर औषधांच्या टाइप केलेल्या याद्या होत्या. दुकानाच्या मालकीण दीपालीताई म्हणाल्या, "मागेही पेननं लिहिलंय हो."

"आत्याला पाठकोरा कागद दिसला की तिचे हात शिवशिवतात. वाणसामानाच्या याद्या असतील. पुढचंच घ्या."

मागची शाई पुढे उमटत होती. ती अक्षरे मला दिसत होती. दीपालीताईंनी माझा प्रकाश वाढवला आणि मी ती पार घालवून टाकली. पाने कशी लख्ख निघाली! आनंद खूश झाला, मीही फुगलो. मूळ कागद त्याच आठवड्यात रद्दीत गेले.

वर्षभराने आत्या स्वतःच आनंदला घेऊन दुकानात आली. तिच्या हातात रतन नावाच्या माणसाचे पत्र होते. त्याची आई छावणीतच वारली, तेव्हा तो तान्हा होता. त्याने विचारले होते, 'माझ्या आईचे नाव काय होते?'

दीपालीताईंनी सीडी लावली. जुलाबाच्या गोळ्या, कापूस, बँडेज. आत्या पाहत राहिली.

"हे सरकारचं. माझं मागे आहे. तिथे कोरा कागद मिळायचा नाही, म्हणून याद्यांच्या मागे लिहायचे मी. मूल, आई, गाव."

आनंदची मान खाली गेली. "मागचं घेतलं नाही, आत्या. मला वाटलं, वाणसामान."

"विचारायचंस की. घरातच तर होते मी."

मग स्टुलावर बसून तिने आठवतील तितकी नावे लिहिली. नऊ आठवली. रतनच्या आईचे त्यांत नव्हते.

मित्रांनो, कागद लिहिणारे माणूस अजून घरात असेल, तर कागद टाकण्याआधी त्याला एकदा विचारा. मला तोंड नव्हते, तुम्हाला आहे.

आत्याने तिथेच रतनला उत्तर लिहिले. 'तुझ्या आईने मला नाव सांगितले होते. मी ते लिहिले होते. आमच्याकडून ते गेले. माफ कर.' ई-मेलने धाडण्यासाठी ते पत्र माझ्याच काचेवर ठेवले गेले. या वेळी मी एकही अक्षर पुसट होऊ दिले नाही.